मेट्रोच्या वाटेतला बाक

माझे सासरे महापालिकेच्या रस्ते खात्यातून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून शहरातला एकही रस्ता त्यांना पटेनासा झाला. त्यांनी स्वतः बांधलेले सोडून. त्या रस्त्यांबद्दल ते सहसा बोलत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे टोकियोला आले. सासूबाईंनी 'मला एवढं विमानात बसवत नाही' असं सांगून स्वतःची सुटका करून घेतली. विमानापासून की बाबांपासून, ते आम्ही विचारलं नाही.

पहिला आठवडा बाबांनी खड्डा शोधण्यात घालवला. सकाळी माकडटोपी घालून निघायचे आणि तोंड पाडून परत यायचे. "एवढ्या गुळगुळीत रस्त्यांवर माणसानं दिवसभर करायचं काय?" असं ते मला विचारायचे. मी घरूनच काम करते, टेस्टिंगचं. त्यामुळे नवरा ऑफिसला आणि मुलगी शाळेला गेली, की बाबा आणि त्यांचं शहर-नियोजन माझ्या वाट्याला.

आम्ही आधी हिगाशी-कसाई या भागात राहायचो. तिथे लिफ्टमध्येसुद्धा मराठी ऐकू यायचं. मग एक खोली जास्त हवी म्हणून नदीपलीकडे आलो. इथे स्टेशनला जायला बस लागते आणि बसची वाट बघायला थंडीत भक्कम मनोधैर्य लागतं. घर दाखवताना एजंट म्हणाला होता, मेट्रोची लाइन इथपर्यंत वाढवणार आहेत, लवकरच. जपानी 'लवकरच' आणि आपलं 'लवकरच' यांत फरक असतो, असा माझा तेव्हा गोड समज होता.

दुसऱ्या आठवड्यात बाबांना बाक सापडला. इमारतीमागच्या छोट्या उद्यानात दोन झोके, एक घसरगुंडी आणि एक लाकडी बाक. हिवाळ्यात त्या सगळ्या परिसरात बसून ऊन खाता येतं ते फक्त त्या बाकावर. तळमजल्यावर राहणाऱ्या आजींना हे आधीपासून माहीत होतं. त्या रोज चाकांची पिशवी ओढत तिथे येऊन बसायच्या. आता बाबाही बसू लागले. आजी जपानीत बोलायच्या, बाबा मराठीत. मध्ये राजगिऱ्याच्या वड्या आणि खारवलेल्या आलुबुखाराच्या गोळ्या यांची देवाणघेवाण. मी खिडकीतून बघायची तर दोघं एकमेकांना हातवारे करून काहीतरी ठासून सांगत असायचे आणि दोघांनाही ते पटत असायचं. आमच्या घरात इतकं एकमत मी कधी बघितलं नाही.

मग एक दिवस पत्रपेटीत एक पत्रक आलं. मेट्रोच्या वाढीव मार्गामुळे पर्यावरणावर काय परिणाम होतील, त्याचा मसुदा वॉर्ड ऑफिसात लोकांना बघायला ठेवला आहे, आणि शनिवारी शाळेच्या जिममध्ये माहिती सभा आहे. मी ते रद्दीत टाकता टाकता मोठ्यानं वाचलं, हीच माझी चूक.

"सुनावणी!" बाबा उभेच राहिले. "अगं, आधी सांगायचंस ना!"

दुसऱ्याच दिवशी मला त्यांना वॉर्ड ऑफिसात न्यावं लागलं. कोपऱ्यातल्या टेबलावर विटांसारखे जाड खंड मांडून ठेवले होते. शेजारी बसलेल्या तरुण कारकुनाचा आम्हाला बघून चेहरा असा उजळला, की आमच्याआधी तिथे कोणी फिरकलंच नसावं. बाबांना जपानीचं अक्षर येत नाही. पण "नकाशाला भाषा नसते" म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि पानं उलटायला घेतली. मी फोन धरून मथळे वाचून दाखवत होते. आवाज. कंपनं. भूजल. जमीन खचणे. प्राणी.

"प्राण्यांत काय?"

"पक्ष्यांची यादी आहे. चिमणी दिसली. कावळा दिसला."

"कावळा बघायला माणूस पाठवला होता?"

"हो. चारही ऋतूंत."

"आणि माणसं? माणसं दिसली का कोणाला?"

"बाबा, हा प्राण्यांचा भाग आहे."

"मग आपण कोण आहोत?"

कारकून हसला. त्याला काही कळलं नव्हतं, पण तेवढा वेळ सोबतीला कोणीतरी असल्यासारखं त्याला झालं असेल.

आणि मग बाबांचं बोट एका चौकोनावर थांबलं. आमचं उद्यान. त्यात एक काळा चौकोन. मी वाचलं : बोगद्यातली हवा खेळती ठेवण्यासाठी मनोरा, आमच्या इमारतीच्या निम्म्या उंचीचा. पुढच्या पानावर त्या मनोऱ्याची हिवाळ्यातली सावली काढलेली होती. कोणत्या घरावर सकाळी, कोणत्या बाल्कनीवर दुपारी, सगळं रेषा मारून. आमच्या बाल्कनीला जेमतेम स्पर्श. घरांचा हिशेब चोख होता. उद्यानाची जागा मात्र कोरी.

"इथे बाक आहे," बाबा म्हणाले.

"हो."

"सावली बाकावर पडणार. दिवसभर. ह्यांनी बाक धरलेलाच नाही."

मला मेट्रो हवी होती. मेट्रोसाठी आम्ही ह्या आडवळणी घरात राहिलो होतो. "बाबा, एका बाकासाठी मेट्रो अडवायची नाही हं."

"अडवायला कोण निघालंय? विचारायचं. आयुष्यभर लोकांनी मला विचारलं. आता मला एकदा विचारू दे."

शनिवारी आम्ही सगळे गेलो. नवऱ्याला 'चांगला अनुभव असतो' असं सांगून ओढून नेलं. मुलगी कॉमिक घेऊन आली. जिमच्या दारात बूट काढून प्लास्टिकच्या चपला घालायच्या होत्या. त्या बाबांच्या पायात अर्ध्याच जात होत्या. वाटेत ते आपल्या काळातल्या सुनावण्यांच्या गोष्टी रंगवून सांगत होते. खुर्च्या एकमेकींना बांधून ठेवाव्या लागायच्या, नाहीतर त्या उडायच्या. एकदा एका बाईंनी त्यांच्या गळ्यात वांग्यांची माळ घातली होती. आज तसलं काहीतरी बघायला मिळेल, या आशेवर होते बिचारे.

इथे गडद सूट घातलेले अधिकारी ओळीत उभे राहिले आणि एकदम कमरेतून वाकले. खूप वेळ वाकलेलेच राहिले.

"सुनावणी आहे की शोकसभा?" बाबांनी विचारलं. बाबांचं कुजबुजणं जिमभर पोचतं. पण त्या जिममध्ये मराठी येणारे आम्हीच होतो.

मग एक फिल्म दाखवली. तिच्यात बोगदा खणणाऱ्या यंत्राला मोठे डोळे आणि हसरं तोंड काढलं होतं. ते 'सावकाश खणतो हं' असं म्हणत मातीत शिरलं. बाबा थक्क. "आमच्या जेसीबीला डोळे काढायचं कधी सुचलं नाही," ते म्हणाले.

फिल्म संपल्यावर प्रश्न मागवले. एका गृहस्थांनी सायकली कुठे लावायच्या ते विचारलं. अधिकारी फायली गोळा करणार इतक्यात बाबा उठले. कोटाची बटणं लावली, माकडटोपी काढली, माइक हातात घेतला आणि मराठीत सुरू झाले.

"आधी एक सांगतो, काम तुम्ही नीट केलंय. कावळे मोजलेत, शाबासकी. पण मला सांगा, हा चौकोन ज्यानं काढला तो प्राणी ह्या उद्यानात कधी येऊन बसला होता का? का हीटरला पाय लावून ऑफिसातच रेघ ओढली? आमच्याकडे असल्या माणसाला आम्ही..."

पुढचं मी लिहीत नाही. बरंच होतं. महापालिकेतली एक बदलीही त्यात होती. ते थांबले आणि सगळा जिम माझ्याकडे बघायला लागला. मी उठले, वाकले आणि जपानीत म्हणाले, "माझे सासरे म्हणतात, अहवाल अतिशय अभ्यासपूर्ण आहे. उद्यानातल्या बाकावर मनोऱ्याची सावली पडेल का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं आहे."

"मम्मी, ते खूप जास्त बोलले," मुलगी जपानीत म्हणाली, कॉमिकमधून मान वर न काढता. पुढच्या ओळीतले लोक हसले.

मुख्य अधिकारी उभा राहिला. त्यानं प्रश्नाबद्दल आभार मानले. मागच्या सहकाऱ्याशी बोलला, पानं उलटली, पुन्हा त्याच्याशी बोलला. मग त्यानं निकष, पद्धत, मार्गदर्शक तत्त्वं, निवासी वापराच्या इमारती, असं बराच वेळ सांगितलं आणि वाकला.

"काय म्हणाला?" बाबा.

"माहीत नाही म्हणाला."

"एवढं बोलून फक्त 'माहीत नाही'?"

"हो."

"शाब्बास. मुरलेला माणूस आहे."

ते समाधानानं खाली बसले. प्रकरण संपलं म्हणून मी सुटकेचा श्वास घेतला, तर मागून एक बारीक आवाज आला. तळमजल्यावरच्या आजी. त्या आल्याचं मला माहीतही नव्हतं. पिशवीच्या दांड्याला धरून त्या उभ्या होत्या.

"माझं घर उत्तरेकडचं आहे," त्या म्हणाल्या. "हिवाळ्यात घरात ऊन येत नाही. मी त्या बाकावर जाऊन बसते. अहवालात घरं आहेत, पण माझ्या घरातलं ऊन घरात नाहीच, ते त्या बाकावर आहे. तेही मोजावं, अशी विनंती आहे." आणि मग बाबांच्या दिशेनं जरासं वाकून, "ह्या विषयावर आमचं सविस्तर बोलणं झालेलं आहे."

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडे. सविस्तर? कुठल्या भाषेत?

पण आता जिम जागा झाला होता. एका बाईंना गाद्या वाळत घालायच्या बाल्कनीची काळजी होती. एका म्हाताऱ्याचा कुत्रा कंपनांनी जेवत नाही, असं तो म्हणाला. कंपनं अजून सुरू व्हायची होती, तरी. सकाळी रेडिओवर कवायत करणारा एक गट होता, त्यांना मनोऱ्याचा आवाज रेडिओपेक्षा मोठा असेल का ते हवं होतं. माइक घेऊन पळणाऱ्या मुलीची दमछाक झाली. सभा ठरल्या वेळेच्या पुढे गेली, आणि जपानमध्ये ह्याला जवळजवळ दंगल म्हणतात. बाबांच्या चेहऱ्यावर इथे आल्यापासून पहिल्यांदा तेज आलं.

शेवटी मुख्य अधिकाऱ्यानं सांगितलं, की आपल्या सर्वांच्या मौल्यवान मतांवर आम्ही सकारात्मक विचार करू. मी बाबांना शब्दशः सांगितलं. बाबा खो खो हसले.

"अगं, हे तर माझं वाक्य! तीस वर्षं मीच म्हणत आलो."

बाहेर पडताना ते थेट त्या अधिकाऱ्याकडे गेले आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला, एखाद्या जुन्या सहकाऱ्याला भेटल्यासारखा. तो बिचारा आधी दचकला, मग त्यानं अदबीनं आपलं कार्ड पुढे केलं. बाबांकडे कार्ड नव्हतं. त्यांनी खिशातून राजगिऱ्याची वडी काढून दिली. त्यानं ती दोन्ही हातांत घेऊन दोन्ही बाजूंनी नीट वाचली.

घरी येताना आजी आमच्याबरोबर होत्या. मी न राहवून विचारलं, बाबा तुम्हाला काय काय सांगतात? त्या म्हणाल्या, "रेल्वेत इंजिन चालवायचे ना ते? म्हणून तर त्यांना एवढं कळतं."

मी हो म्हटलं. आता ते निस्तरण्यात अर्थ नव्हता.

मत लेखी द्यायचीही सोय होती. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले आणि मुलीनं त्यातली माझी जपानी वाक्यं दुरुस्त केली. 'असं कोणी लिहीत नाही, मम्मी', हा तिचा शेरा प्रत्येक ओळीला. नंतर बाबा पुण्याला परतले. विमानतळावर त्यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. "निकाल कळव," एवढंच म्हणाले.

निकाल पावसाळ्यानंतर आला. सगळ्यांची मतं आणि त्यांवरची उत्तरं छापून पुन्हा त्याच टेबलावर ठेवली होती. कारकून तोच होता. त्यानं मला ओळखलं आणि पान स्वतःच काढून दिलं. बाबांच्या सगळ्या वक्तृत्वाचं एका ओळीत लोणचं घातलं होतं : उद्यानातील विश्रांती-सुविधेच्या सूर्यप्रकाशाबाबत मत. समोर उत्तर : सदर सुविधा वॉर्डशी चर्चा करून योग्य ठिकाणी हलवण्यात येईल.

मी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं.

"म्हणजे मनोरा नाही हलवणार? बाक हलवणार?"

"हो."

"हं." त्यांनी चष्मा काढला. "मीही तेच केलं असतं." मग मागून सासूबाईंचा आवाज आला, की आता तरी जेवायला या.

बाक खरंच हलवला. मेट्रोचा अजून एक खड्डासुद्धा खणलेला नाही, पण बाकाचं काम मात्र झटपट झालं. आता तो उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणालगत आहे. ऊन भरपूर येतं. वारा मात्र बोचतो. आजींनी पहिल्याच दिवशी ही तक्रार माझ्याकडे नोंदवली, मला पुढे कुठेतरी पोचवता येईल अशा विश्वासानं. त्या सभेनंतर गल्लीतले सगळेच माझ्याकडे काही ना काही नोंदवतात. वस्ती-मंडळानं मला आमच्या मजल्याची प्रमुख करून टाकलंय. कचरा चुकीच्या दिवशी कोणी ठेवला, तर आधी माझी बेल वाजते.

दुपारच्या मीटिंगा संपल्या, की मी कधीकधी खाली जाऊन आजींशेजारी बसते. त्या बोलतात, मी ऐकते. मला त्यांचं सगळं बोलणं समजतं, म्हणूनच बहुधा आमच्या गप्पा बाबांसारख्या रंगत नाहीत.