हिरवा ठिपका

मुलांनो, तुमचा बाबा परवा इथे जेवत होता. उजवा हात आमटीभातात, डाव्या हातात मोबाइल. तिकडे परदेशातला कुठलासा सर्व्हर बंद पडला होता. बाबाने तो इथूनच, अंगठ्याने, चालू केला.

“तिथे कुणी नसतं का रे?”

“लागत नाही, आई. हिरवा ठिपका दिसला की सगळं ठीक. विझला की मी धावलोच!”

“आणि माझा ठिपका?”

“तू काय, कायमचीच चालू!” तो हसला, मीही हसले.

इतक्या लांबच्या यंत्राची नाडी त्याला कळते.

आता तो तुमच्याकडे परत गेलाय. आजोबा होते तेव्हा सकाळी चहासाठी हाक यायची. आता ती नाही. म्हणून रोज अंघोळ झाली की मी तुम्हाला ‘सुप्रभात’ पाठवते. कंटाळत असाल. उत्तर देऊ नका, पण एखाद्या दिवशी माझं ‘सुप्रभात’ आलं नाही, तर बाबाला सांगा.