तालमीच्या फळीवरचं बेचाळिसावं नाव

सयाजीच्या पोरीवर, क्रांतीवर, गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी साखर कारखान्याच्या निवडणुकीवरही झाली नसेल. पोरगी सहावीत असल्यापासून ट्रॅक्टर हाकायची आणि कुरुंदवाडच्या रस्त्याला पहाटे पोरांच्या पुढं पळायची. "हिला करून घेणार कोण?" ही काळजी शेजारच्या चिमणाबाईनं वर्षानुवर्षं वाहिली. तिच्या स्वतःच्या दोन्ही पोरी घरीच बसल्या होत्या, ते सोडा. क्रांती कोल्हापुरात इंजिनियर झाली, चेन्नईत अकरा महिने घाम गाळून लेफ्टनंट झाली आणि थेट तोफखान्यात गेली. चिमणाबाईनं गावभर सांगितलं, "तोफ कसली? तिथं कागदं लावती ती."

आता गावची रीत अशी, की फौजेत गेलेला गडी पहिल्या रजेवर आला की तालमीत जायचा, आखाड्याची लाल माती कपाळाला लावायचा आणि आतल्या फळीवर स्वतःच्या हातानं नाव लिहायचा. एक्केचाळीस नावं झाली होती, सयाजीचं तेविसावं. क्रांतीनं ती लहानपणी खिडकीच्या गजांतून पाठ केली होती, कारण बाईमाणसाला आत पाऊल टाकायची बंदी.

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती वर्दी चढवून, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तालमीवर आली. पायरीवर सात माजी सैनिक मांडी ठोकून बसलेले. मध्ये ज्ञानूतात्या, निवृत्त हवालदार. कडेला सयाजी, स्वतःच्या चपलांकडं बघत.

"कुठं निघालीस, पोरी?"

"नाव लिवायला, तात्या."

"महिला मंडळाच्या फलकावर लिवू की! बाजूनं फुलं बी काढू."

"त्या फलकावर हळदीकुंकवाची तारीख असती. मी तोफा डागते, तात्या."

"डाग की तिकडं. हितं बाई शिरली न्हाय, शिरणार न्हाय. आमी उठत न्हाय, जा!"

सगळे फिदीफिदी हसले. सयाजी चपलेचा अंगठा नीट करत बसला. क्रांतीला सगळ्यांत जास्त राग आला तो त्याचाच. चार दिवस घरोघर हात जोडून झाले होते. आता तिनं टाचा जुळवल्या आणि सगळी आळी दणाणेल असा हुकूम सोडला.

"सावधान!"

वीस-वीस वर्षं त्या एका शब्दावर उठलेली हाडं पेन्शन सुरू झाली म्हणून विसरतात होय? सातही म्हातारे ताडकन उभे राहिले. तात्यांची तंबाखूची चंची घरंगळत गटारीपर्यंत गेली, पण वाकलं कोण? सयाजीची हनुवटी तर सगळ्यांत वर.

क्रांती त्यांच्या मधून आत गेली. तिनं माती कपाळाला लावली, स्टूल ओढलं आणि सावकाश, एकेक अक्षर घोटत, हुद्द्यापासून 'तोफखाना'पर्यंत सगळं लिहिलं.

"विश्राम म्हण की गं!" तात्या न हलता बाहेरून ओरडले. "गुडघं गेलं माझं!"

"रंग वाळू दे, तात्या."

दहा मिनिटांनी ती दारात आली. सातही जण तसेच ताठ, घामानं निथळत. समोर कट्ट्यावर चिमणाबाई, तोंडाचा आ वासून.

"नाव ऱ्हाणार का पुसणार?"

"ऱ्हाणार, साहेब!" तात्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी जीभ चावली, पण शब्द तर आळीभर ऐकू गेला होता.

क्रांतीनं गटारीच्या काठावरची चंची उचलून त्यांच्या हातात दिली.

"विश्राम."