सत्तेचाळीसचा दगड

सगळे त्याला चावीवालाच म्हणायचे. खरं नाव विचारलं तर शेजाऱ्यांनासुद्धा चटकन आठवायचं नाही. चौतीस वर्षं खांद्यावर हातोडा टाकून रोज आठ किलोमीटर रुळांतून चालायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकायची आणि पुढे जायचं, एवढीच त्याची नोकरी. मग एक दिवस वरून हुकूम आला, गाडी बंद. भंगारवाल्यांनी रूळ उचलून नेले, खडी तेवढी मागे राहिली. चावीवाल्याची चाल मात्र रुळांखालच्या आडव्या स्लीपरच्या मापातच अडकली ती अडकलीच. सपाट रस्त्यावरही तो आखूड पावलं टाकायचा आणि बायको वैतागायची, "अहो, जरा माणसांसारखं चाला की!"

आज सकाळी त्याच खडीवरून तो पोरीच्या मागे चालत होता आणि तेवढी पावलंही त्याच्या जिवावर आली होती.

पोरगी एकुलती एक, आणि हुशार म्हणजे किती हुशार! जुन्या लिप्या वाचायची. प्रबंधासाठी चार वर्षं एकाच दगडाच्या मागे हात धुऊन लागली होती. शंभर वर्षांपूर्वी कुणा फिरत्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं होतं, की मोडक्या खांबांपलीकडे विहिरीजवळ एक शिळा उभी आहे आणि तिच्यावर अकरा ओळी कोरलेल्या आहेत. पठ्ठ्यानं त्यातल्या दोनच उतरवून घेतल्या आणि ऊन फार झालं म्हणून परत गेला! उरलेल्या नऊ मिळाल्या तर ती लिपी उलगडणार होती. नाही मिळाल्या तर पोरीची चार वर्षांची मेहनत पाण्यात. "बाबा, तुम्ही इथं जन्म काढलात, तुम्हाला दिसली असेलच ना?" हे तिनं कितीदा तरी विचारलं होतं. "छे! तसलं काही नव्हतं," हे त्यानं तितक्यांदा सांगितलं होतं.

नव्हतं कसं! गाडी चालू होती तेव्हाची गोष्ट. साहेबांची तपासणी तीन दिवसांवर आलेली, आणि सत्तेचाळीस आकड्याचा किलोमीटरचा दगड कुणा गाढवानं ट्रॅक्टर घालून फोडलेला. मुकादम ओरडला, "कुठूनही आण, पण दगड उभा कर!" चावीवाल्याला विहिरीजवळची शिळा आठवली. उंची बरोबर, दगड उत्तम. ती आणून रुळांच्या कडेला उभी केली. फक्त एका अंगाला किड्यामुंग्यांसारखं काहीतरी कोरलेलं होतं, त्यावर चुना नीट बसेना, आकडा वाकडा दिसे. मग काय, घेतली छिन्नी. दोन दिवस खपून त्यानं ते अंग असं साफ केलं, की हात फिरवत राहावा. साहेबांनी ट्रॉली थांबवून विचारलं, "हा आकडा कुणी काढला?" चौतीस वर्षांत साहेब त्याच्याशी बोलले ते तेवढंच. शाबासकीचा कागद मिळाला, तो काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लागला, आणि त्याच कागदाखाली बसून पोरीनं अभ्यास केला. आता बोला!

खांब मागे पडले. काट्यांनी पोरीचे हात कोपरापर्यंत ओरबाडले होते. दमून ती खडीच्या कडेच्या एका दगडाला पाठ टेकून बसली आणि पाण्याची बाटली उघडली.

"आणखी किती दिवस शोधशील?" त्यानं विचारलं.

"सापडेपर्यंत. जन्म गेला तरी चालेल," ती हसून म्हणाली.

त्यानं तिच्या ओरबाडलेल्या हातांकडे पाहिलं. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? आकडासुद्धा पावसानं कधीच धुऊन नेला होता. पण ही पोर म्हातारी होईपर्यंत काट्यांत हात घालत फिरणार, आणि आपण घरी बसून बघणार? नाही जमणार बुवा.

"ऊठ," तो म्हणाला. "टेकली आहेस ना, तीच तुझी शिळा."

आधी तिला थट्टाच वाटली. मग त्यानं सगळं सांगितलं, मुकादमापासून छिन्नीपर्यंत. ती गुडघ्यांवर बसली. बाटलीतलं सगळं पाणी दगडावर ओतून तिनं बोटं फिरवली, गाल टेकवून उन्हाच्या तिरिपेत पाहिलं, पायथ्याची माती नखांनी उकरली.

"फार मन लावून केलंत हो, बाबा," ती शेवटी म्हणाली. "एक रेघसुद्धा ठेवली नाहीत."

त्याला वाटलं, हिनं त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. तिनं टेप काढून लांबी-रुंदी घेतली, फोटो काढले, वही उघडली.

"माझं नाव लिही त्यात," तो म्हणाला. "केलंय मी, तर दुसऱ्या कुणावर जायला नको."

ती लिहीत होती. त्यानं वाकून पाहिलं. 'लेख छिन्नीने नष्ट. करणारा: रेल्वेचा अज्ञात कामगार.' त्याचे डोळे भरून आले. एवढं करूनही पोर आपल्याला पाठीशी घालते आहे!

"अगं, असू दे ना नाव. मला आता कसली भीती?"

"तुमच्यासाठी नाही, बाबा." तिनं वही मिटली, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "प्रबंधावर माझं नाव येणार आहे. आडनाव एकच आहे आपलं."