श्वासधरे यांची चौथी खेप

कुठलंही पाकीट फोडण्याआधी श्वासधरे उजेडाकडे धरून बघायचे. अंडं, औषधाची बाटली, शर्टाची कॉलर, सगळं आधी उजेडात. चहाचा पहिला घोट डोळे मिटून. समोरचा माणूस हलला की वाक्य अर्ध्यात थांबवायचं. आणि दारात कुणी आलं की तोंडातून आपोआप निघायचं, "हलू नका, श्वास धरा."

एकतीस वर्षं इस्पितळाच्या एक्स-रे खोलीत हेच म्हटल्यावर दुसरं काय होणार? वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना श्वासधरेच म्हणत. खरं आडनाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

घरी दोघंच. ते आणि थोरली बहीण. ताई शिवणकाम करायची. तिचं मशीन बोळात, मिणमिणत्या दिव्याखाली. सुईत दोरा ओवायला तिला आताशा चार-चार वेळा प्रयत्न करावे लागत. बाहेरच्या खोलीत मशीन मावेल असा एकच कोपरा होता, आणि तिथे श्वासधऱ्यांची माशांची टाकी होती.

टाकीत सिक्लिड जातीची एक जोडी. बोटाएवढी. मादीचं पोट लालबुंद. फुटक्या कुंडीखाली ती अंडी घालायची. आठवड्याभरात पिल्लं पोहू लागायची, टाचणीच्या डोक्याएवढी, वाळूवर तरंगणाऱ्या धुरासारखी. मग रोज तो धूर विरळ व्हायचा. पंधरा दिवसांत साफ. तीन खेपा अशाच गेल्या.

"घरच्या टाकीत हे होत नसतं हो," माशांचा दुकानदार म्हणायचा. "माझ्याकडून तयार मासे घ्या, आणि सुखाने झोपा."

मादी आता म्हातारी झाली होती. चौथ्यांदा तिने अंडी घातली तेव्हा श्वासधऱ्यांनी आपण होऊन ताईला शब्द दिला. "ही शेवटची. ही गेली तर टाकी काढतो. कोपरा तुझा."

ताईने दोरा तोडला. "मी मागितलाय का?"

"नाही. पण मला दिसतं ना."

या खेपेला त्यांनी ठरवलं, टाकीत हातच घालायचा नाही. धुणं नाही, पुसणं नाही. दिवसातून दोनदा उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचं पाणी थेंबथेंब सोडायचं आणि स्टुलावर बसून बघायचं. पिल्लं आली. शंभरेक असतील. सहाव्या दिवशी अर्धी दिसेनात. आणि सातव्या दिवशी सकाळी श्वासधऱ्यांनी नराला रंगेहाथ पकडलं. एक पिल्लू कळपातून मागे पडलं, नराने तोंड उघडलं आणि पिल्लू आत.

"बाप खातोय!" ते ओरडले.

ताई हात पुसत आली. "तोंडात घातलं म्हणजे खाल्लं? मांजर पिल्लू तोंडात धरते, ती काय नाश्ता करते?"

"मी या डोळ्यांनी बघितलंय, ताई."

"बाहेर काढताना बघितलंस?"

"तेवढं थांबायला वेळ कुठे होता!"

तोवर नर जाळीतून बादलीत गेला होता.

तरी पिल्लं कमीच होत गेली. विसाव्या दिवशी टाकीत मादी एकटी होती. कुंडीभोवती घिरट्या घालायची, वाळूत तोंड खुपसायची, पुन्हा घिरट्या. श्वासधऱ्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं.

रविवारी त्यांनी टाकीचा दिवा बंद केला, पंपाचं बटण बंद केलं आणि दिलेला शब्द पाळायला घेतला. टाकीच्या मागच्या काचेवर फिल्टरची पेटी टांगलेली असते. नळी टाकीतलं पाणी ओढते, पेटीतल्या स्पंजातून ते गाळून परत टाकीत पडतं. त्यांनी पेटी उचलली, झाकण काढलं आणि ओतायला मोरीकडे निघाले. सवय ती सवय. दारात थांबून त्यांनी पेटी उजेडाकडे धरली.

गाळात काहीतरी हललं.

एक. मग चार. मग अख्खी पेटी हलायला लागली. पिल्लं! नखाएवढी, गुबगुबीत, अंगावर काळा पट्टा उमटलेली. चार खेपांत इतकं मोठं पिल्लू त्यांनी पाहिलं नव्हतं.

"ताई! वाटी आण! दोन आण!"

ताईने पेटीत डोकावलं. "अगं बाई! ही इथे कशी?"

"नळीने ओढली. बलकाचं पाणीही सगळं इथेच येत होतं. मी टाकीत आईपुढे ताट वाढत होतो, आणि जेवत होती ही."

"पण आत पंपाची पाती फिरतात ना?"

"निसटली!" श्वासधऱ्यांनी पहिली वाटी भरून घेतली. ते मोजायला लागले. "हलू नका," ते पिल्लांना म्हणाले. कोण ऐकतंय! एकदा बासष्ट भरली, एकदा अठ्ठावन्न, एकदा सहासष्ट. मग एकाएकी त्यांचा हात थांबला. आधीच्या तिन्ही खेपांना त्यांनी दर रविवारी हा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला होता.

"म्हणजे तेव्हा मीच..."

"वाटी तिरकी होतेय," ताई म्हणाली. "झालं ते झालं. ही सांभाळ. आणि आधी बादलीतल्या त्या बिचाऱ्याला सोड. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस."

पिल्लं टाकीत सोडली, मागोमाग नर उतरला. मादी त्याच्यावर धावून गेली, दोनदा शेपटी फडकावली, आणि मग तिला पिल्लं दिसली. भांडण तिथेच मिटलं. संध्याकाळी एक पिल्लू भरकटलं. नराने ते तोंडात घेतलं. श्वासधऱ्यांनी या वेळी वाट बघितली. नर कुंडीपाशी गेला आणि फुंकर मारावी तसं त्याने ते आत सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी अर्धं इस्पितळ घरी आलं. मोठे डॉक्टर बूट काढून फरशीवर बसले. दुकानदाराने काचेला नाक लावून पिल्लं मोजली. शेवटी म्हणाला, "वीस मला द्या. दुकानात पाटी लावतो, घरी वाढवलेली."

"आणि घरी होत नसतं म्हणत होता ते?" ताईने तिथल्या तिथे वसूल केलं.

टाकीशेजारचा कोच बोळात गेला. ताईचं मशीन टाकीला लागून उभं राहिलं. माशांच्या दिव्याचा लख्ख उजेड थेट सुईवर पडतो. आता दोरा एका फटक्यात ओवला जातो, आणि मशीन खडखडलं की सगळी पिल्लं बघायला काचेशी येतात.

परवा मादीने पुन्हा अंडी घातली. नळीच्या तोंडाला मोज्याची पिशवी बांधा, म्हणजे पिल्लं ओढली जाणार नाहीत, असं दुकानदाराने सांगितलं. ताईने जुना मोजा कापून दिला. "शिव तूच. तुझी बाळंतीण."

श्वासधऱ्यांनी आठ-दहा टाके घातले. मग पेटीकडे बघितलं. मग कुंडीकडे. परत पेटीकडे. साठ वाचली होती ती तिथेच.

मोजा टाकीच्या झाकणावर पडला आहे. अर्धा शिवलेला, सुई तशीच टोचलेली.