गाठ मीच मारणार

सातपूरला कारखाने उभे राहू लागले तेव्हा दिंडोरीकडच्या खेड्यांतून जी तरणी माणसं कामाला आली, त्यांतलाच सहादू. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसवर तो लागला. नाशकात बौद्ध वसाहतीत त्यानं खोली घेतली, यशोदाबाईशी लग्न केलं आणि सुट्टीचा दिवस गंगापूर धरणाला देऊन टाकला. वेळूची काठी, तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोरीची, गुंडी, तंबाखूच्या डबीत गळ आणि फडक्यात भाकरी एवढं घेऊन सकाळी सायकल निघायची. सोबतीला यशोदाबाईचा धाकटा भाऊ धोंडीराम असायचा.

धोंडीरामाला काय, कोणताही मासा चाले. सहादूला मरळच लागे. हा मासा काठच्या गवतात दबा धरून बसतो, बेडकीवर झडप घालतो आणि गळ लागला की सरळ खडकाच्या कपारीत शिरतो. धरणाच्या काठचा काळा दगड धारेचा, माशाचे दातही बारीक, तेव्हा तंगुसाला कुठंतरी ओरखडा पडतोच. म्हणून प्रत्येक माशानंतर सहादू गळापासून वर हातभर तंगूस बोटांतून सावकाश ओढून बघे. जरासा खरबरीत लागला की तेवढा तोडून टाकी आणि नवी गाठ मारी. शेजारी मासे उसळत असताना हा खाली मान घालून गाठी मारत बसलेला पाहून धोंडीराम वैतागायचा. सहादू म्हणायचा, आपल्याला मासा दिसत नाही, पाण्याखालचा दगड दिसत नाही. दिसते ती एवढीच हातभर दोरी, तीसुद्धा बघायची नाही का?

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

ते काही अचानक झालं नव्हतं. पायाखालची पट्टी एकदा दाबली की प्रेस दोनदा खाली येतोय, हे सहादूनं आदल्या आठवड्यात फोरमनला सांगितलं होतं. फोरमन म्हणाला होता, माल आज जायचाय, चालव. दवाखान्यातून सुटल्यावर कारखान्याच्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. कंपनी तुला वाऱ्यावर सोडणार नाही, म्हणाले. गेटवर वॉचमनची जागा होती. फक्त सहादूनं एवढं कबूल करायचं, की हात त्याच्याच गैरसावधपणानं आत गेला.

सहादूनं चहाला हात लावला नाही. 

"मशीन बिघडलंय हे मी सांगितलं होतं, साहेब. काम पाहिजे मला. पण खोटं बोलून नाय पाहिजे."

"अरे, या हातानं दुसरं काय करणार तू?"

सहादू उठला आणि चालत घरी आला.

घरी सगळे चांगलेच वागत होते, आणि त्याचंच त्याला ओझं झालं. यशोदाबाई ताटात भात कालवून द्यायची. शेजारची रंगूबाई त्याला पाहून पदराला डोळे पुसायची. कोणी आलं की बोलणं एकदम खालच्या आवाजात सुरू व्हायचं. सहादू उजवा हात टॉवेलाखाली घेऊन बसायला लागला. पावसाळा गेला, काठचं गवत वाढलं, तेव्हा धोंडीरामच त्याला ओढून धरणावर घेऊन गेला. काठी डाव्या हातात धरता येत होती. गळाला आमिषाची बेडकीसुद्धा कशीबशी लावता आली. पण गाठ काही केल्या जमेना. तंगूस अंगठ्यातून निसटायचा, वेढे सुटायचे.

"द्या इकडं दाजी," धोंडीराम म्हणाला, आणि त्यानं झटक्यात गाठ मारून दिली.

दुपार कलताना गवत हललं आणि काठी वाकली. मोठी मरळ होती. एकदा पाठ वर आली तेव्हा धोंडीराम ओरडत उभाच राहिला. सहादूनं काठी पोटाशी धरली आणि पाय रोवले. ओढ लागली, आणखी लागली, आणि मग काठी एकदम हलकी झाली. त्यानं तंगूस गोळा केला. दगडानं कापला असता तर टोक खरबरीत, सरळ आलं असतं. हे टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं. म्हणजे गाठच सरकली होती.

धोंडीरामाचं तोंड उतरलं. घाईत गाठ आवळताना थुंकी लावायची राहिली असेल, म्हणाला. परतताना बांधावर सायकल थांबवून सहादूनं त्याला एवढं सांगितलं:

"धोंडी, इथून पुढं माझी गाठ मीच मारणार. नाय जमली तर रिकामा बसंन. तू हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवसापासून खोलीच्या दाराची चौकट त्याची शाळा झाली. चौकटीत खिळा ठोकून त्यात गळ अडकवला आणि तंगुसाचं टोक दातांत धरून वेढे द्यायला लागला. वेढे पडत, पण एकावर एक चढत. ओठ कापले, जिभेला रक्त आलं. यशोदाबाईनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा चिडून खिळाच उपटून टाकला. त्यानं तो शोधून पुन्हा ठोकला. "माणूस हाय का कोण हाय," ती आत जाऊन म्हणाली, पण खिळ्याला नंतर तिनं हात लावला नाही.

एके दिवशी त्याच्या लक्षात आलं, की वेढे दोरीलाच कशाला द्यायचे? गळाच्या नेढ्यातून ओवलेल्या तंगुसाचे दोन्ही पदर दातांत आणि अंगठा-करंगळीत ताणून धरले आणि डाव्या हातानं गळच गरगर फिरवला. वेढे ओळीनं बसले. टोक गळाजवळच्या फाशातून घातलं, थुंकीनं ओलं केलं, हळूहळू आवळलं. मग गळ खिळ्यात अडकवून त्यानं अंगाचा सगळा भार देऊन ओढलं. खिळा वाकला, गाठ जागची हलली नाही.

त्या संध्याकाळी त्यानं ताटातला भात स्वतः कालवला. यशोदाबाई बघत राहिली. डाव्या हाताचा घास वाटेत सांडला, तरी ती पुढं झाली नाही.

धरणावर आता तो एकटाही जाऊ लागला. तंगूस बोटांतून बघण्याऐवजी ओठांमधून ओढून बघायचा. ओठांना बारीकसा ओरखडाही कळतो. थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी धोंडीराम बरोबर होता तेव्हा पुन्हा तसलीच मोठी मरळ लागली. ती कपारीकडं निघाली. सहादू गुडघाभर पाण्यात उतरला, काठी आडवी केली, तिला बाहेर काढली, पुन्हा ती गेली, पुन्हा काढली. धोंडीराम अंगरखा काढून पाण्यात यायला लागला.

"तिथंच थांब," सहादू म्हणाला.

धोंडीराम थांबला. सहादूनं काठी काखेत दाबली, तंगूस मनगटाला गुंडाळला आणि मरळ मागं मागं चालत गवतावर ओढून आणली. मनगटावर लाल वळ उठला होता. मग तो तिथंच बसून मोठ्यानं हसला, आणि धोंडीरामालाही हसू आलं.

इकडं कारखान्यात त्या प्रेसला कोणी पाय लावेना. नव्या माणसाला बसवलं तर जुने त्याला सहादूची हकिकत सांगायचे आणि तोही उठायचा. वॉचमनच्या जागेचा निरोप दोनदा घरी आला. अट तीच होती, सहादूचं उत्तरही तेच होतं. यशोदाबाई शेजारच्या घरांतून धुणंभांडी करत होती. एका रात्री तिनं विचारलं, हो म्हटलं तर काय बिघडेल? तो म्हणाला, उद्या दुसऱ्या कोणाचा हात गेला, तर तेसुद्धा त्याच्याच अंगावर घालतील. ती म्हणाली, "तर मग नाही म्हणा. मी आहे."

शेवटी पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला कारखान्यानं प्रेस खोलला. प्रेस दोनदा खाली आणणारी आतली झिजलेली खिटी बदलली, पुढं जाळी बसवली आणि सहादूला कसल्याही अटीशिवाय बोलावणं धाडलं. साहेबांनी, झालं गेलं विसरून जाऊ, असं म्हणत सवयीनं हात पुढं केला. करून बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि तो हात हवेतच थबकला. सहादूनं टॉवेल खांद्यावर टाकला, उजवा हात पुढं केला आणि अंगठा-करंगळीत साहेबांचा पंजा घट्ट धरला.

"विसरायचं नाय, साहेब," तो म्हणाला. "काम सांगा."

त्याला ड्रिलिंगच्या मशीनवर घेतलं.