समजनं का?

धुळ्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं छोटं दुकान आहे. एका रविवारी तिथे एक शिक्षक जोडपं आलं. शिरपूरकडच्या एका शाळेत ती गणित शिकवायची आणि तो विज्ञान. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळेसाठी दोघांची एकत्र मुलाखत होती, आणि गावात नेट टिकत नव्हतं. मी त्यांना माझ्या टेबलाशेजारीच बसवलं.

तो सारखा टाय नीट करत होता. ती हातातलं पेन खडूसारखं धरून शांत बसली होती.

पडद्यावरच्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, "आमच्या वर्गात वीस देशांची मुलं असतात. तुम्हाला जमेल?"

त्याचा हात टायवरच थांबला. ती म्हणाली, "माझ्या वर्गात कुणी घरी अहिराणी बोलतं, कुणी पावरी, कुणी उर्दू. 'समजलं का' हे त्या प्रत्येक भाषेत कसं विचारायचं, ते मी आधी शिकले. गणित त्यानंतर."

"एका भाषेत विचारून दाखवा," बाई म्हणाल्या.

"समजनं का?" ती हसून म्हणाली.

माझी मान आपोआप ताठ झाली. याच अहिराणी बोलीसाठी शाळेत मी छड्या खाल्ल्या होत्या.

महिन्याभराने दोघांची नेमणूकपत्रं माझ्याच प्रिंटरवर निघाली. तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. "आबा, दोन्हीसले नोकरी लागनी."

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. तिने आवाज जराही खाली आणला नाही.