आरशात आई दिसेना

इंदूरवाल्यांनो, हे आत्ताच लिहायला हवं.

आज पणजीत आई आणि मी गाईडसोबत इलेक्ट्रिक स्कूटरवर शहर बघायला निघालो. आपल्या इंदुरात बडा गणपती चौकाच्या गर्दीत आई रोज स्कूटर चालवते, म्हणून तिने स्वतःसाठी वेगळी घेतली. या स्कूटरींना आवाजच नसतो, मागची थांबली तरी कळत नाही. मिरामारच्या समुद्रकिनाऱ्याजवळ आरशात बघितलं, तर मागे आई नव्हती.

फोन उचलेना. आम्ही उलटे फिरलो. किनाऱ्याशी तिची स्कूटर उभी, त्यावर हेल्मेट. बाबा गेल्यापासून ती गप्पच असते. मी पाण्याकडे बघत तिला हाका मारत सुटले.

मग दिसली, गुडघाभर पाण्यात. मी धावले.

“समुद्र पहिल्यांदाच बघतेय. विचारलं असतं तर तू मना केलं असतंस,” ती म्हणाली.

केलंच असतं.

आता ती शांतपणे चहा पितेय आणि मला तिच्यावरून नजर हटवायची भीती वाटतेय. तुम्ही अशा वेळी काय करता?